दृश्य वाणी आणि बधिर बालकाची आद्य भाषा : ऑलिव्हर सॅक्स यांच्या 'सीइंग व्हॉइसेस'ची चिकित्सा

१

ऑलिव्हर सॅक्स (१९३३–२०१५) यांचा 'सीइंग व्हॉइसेस' हा ग्रंथ १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ते व्यवसायाने मज्जाविकारतज्ज्ञ होते; बधिरांच्या शिक्षणाशी त्यांचा पूर्वीचा असा संबंध नव्हता. हार्लन लेन यांच्या 'व्हेन द माइंड हिअर्स' (१९८४) या बधिरांच्या इतिहासावरील ग्रंथाचे परीक्षण करण्याच्या निमित्ताने ते या विषयाकडे वळले आणि त्या परीक्षणातून प्रस्तुत ग्रंथाचा पहिला भाग सिद्ध झाला. दुसऱ्या भागात भाषा, विचार व मेंदू यांच्या परस्परसंबंधाचे विवेचन आहे. वॉशिंग्टन येथील गॅलोडेट या बधिरांच्या विद्यापीठात मार्च १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी बधिर अध्यक्षाची मागणी करून जे आंदोलन केले, त्याचा वृत्तांत तिसऱ्या भागात येतो.

अशा तीन भिन्न प्रसंगी लिहिलेल्या भागांचा हा ग्रंथ असल्यामुळे त्यात शास्त्रीय प्रबंधाची रेखीवता नाही. तळटीपा मूळ मजकुरावर कुरघोडी करतात, एक विषय अर्धवट टाकून दुसरा उचलला जातो आणि लेखकाचे कुतूहल पुष्कळदा त्याच्या युक्तिवादाच्या पुढे धावते. तथापि या साऱ्या विस्कळीतपणाच्या तळाशी एक निश्चित प्रतिपाद्य आहे. जन्मतः बधिर असलेल्या बालकाचे खरे नुकसान ध्वनी न मिळण्याने होत नाही. ते भाषा न मिळण्याने होते. पहिले नुकसान निसर्गाने केलेले असते. दुसरे मात्र माणसांच्या हातचे असते व म्हणून ते टाळता येते.

या प्रतिपाद्याचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. हजार जन्मांमागे एक ते तीन बालके कायमस्वरूपी श्रवणदोष घेऊन जन्माला येतात. त्यांच्या पहिल्या तीन-चार वर्षांत घरी, दवाखान्यात व शाळेत जे निर्णय घेतले जातात, ते या प्रतिपाद्याच्या स्वीकारावर किंवा अस्वीकारावर अवलंबून असतात. त्यामुळे ग्रंथाच्या रसाळपणावर न थांबता त्यातील प्रमेय कोणत्या पुराव्यावर उभे आहे, तो पुरावा कोठे सबळ व कोठे दुर्बळ आहे, आणि गेल्या तीन दशकांहून अधिक काळात बदललेल्या परिस्थितीत ते कितपत टिकते, हे तपासणे अगत्याचे ठरते.

२

वाचा आणि भाषा ही एकच वस्तू होय, हा समज फार प्राचीन व सार्वत्रिक आहे. रोमन कायद्यात जन्मतः बधिर व मूक असलेल्यांचे व्यवहाराधिकार संकुचित केले होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात दायभागास अपात्र ठरविलेल्यांत जन्मबधिर व मूक यांचा समावेश आहे. आणि भारतात ही अपात्रता कायद्याने दूर होण्यास १९२८ साल उजाडावे लागले. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन संस्कृती एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा त्यामागे दुष्टबुद्धी शोधण्यापेक्षा समान अनुभव शोधणे अधिक युक्त होय. तो अनुभव असा की, एकाकी वाढलेला जन्मबधिर मनुष्य व्यवहारात खरोखरच असमर्थ दिसत असे. चूक निरीक्षणात नव्हती, कारणमीमांसेत होती. भाषेच्या अभावाचा परिणाम हा बधिरत्वाचा, किंबहुना बुद्धिमांद्याचा, परिणाम समजला गेला.

मराठी शब्दसंपदेतही या कारणमीमांसेचे अवशेष आहेत. 'मूकबधिर' हा समास मूकत्व हे बधिरत्वाचे अटळ अंग मानतो. वस्तुतः बहुतेक बधिर बालकांचे स्वरयंत्र निर्दोष असते. त्यांना उच्चार साधत नाहीत ते ऐकू न आल्यामुळे. म्हणूनच 'कर्णबधिर' हा अलीकडे रूढ झालेला शब्द केवळ अधिक सौम्य नाही, तो अधिक अचूकही आहे. भक्तिवाङ्मयात मुक्याने चाखलेल्या गोडीचा दृष्टांत वारंवार येतो. अनुभव आहे परंतु तो सांगता येत नाही, ही ब्रह्मानुभवाची स्थिती त्याने सूचित होते. दृष्टांत म्हणून तो समर्पक आहे. परंतु प्रत्यक्षातील भाषावंचित बालकाची स्थिती त्याहून कठीण असते. ज्याला भाषाच मिळालेली नाही, त्याच्या बाबतीत अनुभव सांगता न येणे एवढीच उणीव नसते. अनुभवाची मनाशी मांडणी करणे, तो कालच्या अनुभवाशी ताडून पाहणे, उद्यासाठी राखून ठेवणे, हेही त्याला दुर्घट होते.

सॅक्स यांचा मूळ मुद्दा हाच आहे, आणि त्यासाठी ते व्हिगॉत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा आधार घेतात. संवादातून भाषा अंतर्मुख होते व अंतर्मुख झालेली भाषा विचाराचे साधन बनते, हा व्हिगॉत्स्कीचा सिद्धांत. भारतीय वाचकाला येथे भर्तृहरीची आठवण होणे स्वाभाविक आहे. सर्व ज्ञान शब्दाने अनुविद्ध असते, ही वाक्यपदीयाची भूमिका सॅक्स यांच्या भूमिकेहून फार दूर नाही. तरीही हे साम्य जपून वापरले पाहिजे. 'पश्यन्ती' या संज्ञेत 'पाहणे' आहे एवढ्यावरून तिचा बधिरांच्या दृश्य भाषेशी संबंध जोडणे ही निव्वळ शब्दक्रीडा होईल. भर्तृहरीचा खरा उपयोग वेगळा आहे. वैखरी, म्हणजे कानाला ऐकू येणारी वाणी, हे वाणीचे सर्वांत बाह्य रूप होय, असे मानणाऱ्या परंपरेला, ते बाह्य रूप ध्वनीऐवजी हाताने घडले तरी वाणीचे वाणीपण नष्ट होत नाही, हे मान्य करण्यास कोणतीही तात्त्विक अडचण असू नये.

हे केवळ तर्काने नव्हे तर भाषाशास्त्रीय विश्लेषणाने प्रथम दाखविले ते विल्यम स्टोको यांनी, १९६० साली. अमेरिकन संकेतभाषेतील प्रत्येक संकेत हा हाताचा आकार, त्याचे स्थान व त्याची हालचाल या अर्थहीन घटकांच्या संयोगाने बनतो, आणि यांपैकी एक घटक बदलला की अर्थ बदलतो, हे त्यांनी सिद्ध केले. 'काळ', 'गाळ', 'टाळ' यांत व्यंजनाचे जे कार्य, तेच येथे हस्ताकाराचे. हातवारे व खाणाखुणा यांना असे घटक नसतात. अभिनयातील हस्तमुद्रा संहितेला साहाय्य करतात, त्यांनी घडलेले स्वतंत्र व्याकरण कोणाची मातृभाषा होत नाही. संकेतभाषा होते. भारतात वापरल्या जाणाऱ्या संकेतभाषेचेही स्वतःचे व्याकरण आहे. तिच्यात प्रश्नवाचक संकेत सामान्यतः वाक्याच्या अखेरीस येतो. ना मराठी तशी वागते, ना इंग्रजी. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मदन वसिष्ठ, जेम्स वुडवर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात मुंबई, दिल्ली, कलकत्ता व बंगलोर येथील संकेतांची तुलना होती. शब्दभेद असूनही ही एकाच भाषेची रूपे असल्याचा निष्कर्ष त्यातून निघाला.

३

सॅक्स यांच्या ग्रंथाचा सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे जोसेफ या अकरा वर्षांच्या मुलाचे चित्रण. हा मुलगा जन्मतः बधिर; त्याचे बधिरत्व उशिरा ध्यानात आले व तोपर्यंत त्याला मंदबुद्धी समजण्यात आले. शाळेत आला तेव्हा त्याच्याजवळ कोणतीही भाषा नव्हती. वस्तू ओळखणे, त्यांचे वर्गीकरण करणे, चित्र काढणे हे तो उत्तम करी. परंतु सुटीच्या दिवशी काय केले, असा प्रश्न विचारला तर उत्तर येत नसे. प्रश्न म्हणजे काय, हेच त्याला आकळत नव्हते. सॅक्स यांना तो केवळ वर्तमानात अडकलेला दिसला. हे वर्णन वाचकाच्या मनातून जात नाही. तथापि मनातून न जाणे आणि सिद्ध होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. एका मुलाच्या अल्पकालीन निरीक्षणावरून भाषेविना काळाची जाणीवच संभवत नाही, असा सर्वसामान्य निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. त्या मुलाला कालची आठवण नव्हती, की ती दुसऱ्यापुढे मांडण्याचे साधन नव्हते, हा भेद त्या चित्रणातून निःसंदिग्ध होत नाही.

दुसरे उदाहरण ज्याँ मास्यू याचे. १७७२ साली जन्मलेला हा फ्रेंच मुलगा जवळजवळ चौदा वर्षांचा होईपर्यंत भाषाहीन होता, असे सॅक्स सांगतात. नंतर ॲबे सिकार यांनी चित्रे व त्यांखाली लिहिलेली नावे यांच्या साहाय्याने त्याला फ्रेंच शिकविली आणि पुढे तो स्वतः बधिरांचा नामांकित शिक्षक झाला. येथे ग्रंथकर्त्याच्या पुराव्यात एक फट आहे. मास्यूच्या घरी सहा भावंडे बधिर होती आणि ती आपसांत घरगुती खुणांनी व्यवहार करीत. ऐकणाऱ्या कुटुंबातील बधिर मुले स्वतःच निर्माण करतात त्या खुणांना काही अंशी रचना असते, हे सुझान गोल्डिन-मेडो यांच्या दीर्घ संशोधनाने पुढे दाखविले. मास्यूला परिपूर्ण भाषा नव्हती हे खरे. पण तो भाषेच्या उंबरठ्यावर होता, बाहेरच्या अंधारात नव्हता. त्याची नंतरची झेप ही शून्यातून घेतलेली नसून या घरगुती पायावर घेतलेली होती, असे म्हणणे अधिक संयुक्तिक ठरते. आणि असे म्हटल्याने सॅक्स यांचे मूळ प्रमेय कमकुवत होण्याऐवजी बळकटच होते. कारण मग मास्यूचे यश 'उशिरा भाषा मिळाली तरी चालते' याचा दाखला उरत नाही. लहानपणी मिळालेला अपुरा का होईना, पण परस्परसंवाद किती मोलाचा असतो, याचा तो दाखला होतो.

निकाराग्वातील घटना याच निष्कर्षाला पुष्टी देते. १९७७ नंतर तेथे बधिरांच्या शाळा सुरू झाल्या व निरनिराळ्या घरच्या खुणा घेऊन आलेली मुले एकत्र आली. त्यांच्या सहवासातून एक नवी संकेतभाषा उदयास आली. आणि मोठ्या मुलांनी आणलेल्या ओबडधोबड साधनाला व्याकरणाचा घाट दिला तो मागाहून आलेल्या लहान मुलांनी. भाषा घडविण्याचे सामर्थ्य बालवयात सर्वाधिक असते, मात्र त्यालाही सोबतीची अपेक्षा असते. एकट्या मुलाची खूण ही भाषा होऊ शकत नाही.

जोसेफ व मास्यू यांच्या कथांनी जे सूचित होते, ते अधिक काटेकोर रीतीने सिद्ध करण्याचे काम रेचेल मेबेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा २००२ साली 'नेचर'मध्ये आलेला अभ्यास येथे निर्णायक मानावा लागेल. जन्मतः ऐकणारी, प्रथम बोली भाषा शिकलेली व नंतर बधिर झालेली माणसे संकेतभाषा उशिरा शिकूनही तिच्यात चांगली प्रवीण झाली. परंतु ज्यांना बालपणी कोणतीच भाषा पुरेशी मिळाली नाही, ती त्याच वयात संकेतभाषा शिकूनही मागे राहिली. उलट बाजूने, बालपणी संकेतभाषा मिळालेल्या बधिरांना इंग्रजी अधिक चांगली साधली. तात्पर्य हे की, पहिली भाषा हाताची की जिभेची, हा प्रश्न दुय्यम आहे. ती वेळेवर व पूर्णत्वाने मिळाली की नाही, हा मुख्य. पहिली भाषा चुकली की दुसरी शिकण्याची पात्रताच खालावते. संकेतभाषेमुळे बोलणे मागे पडेल या भीतीने मुलाला खुणांपासून दूर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानी घेतले पाहिजे की, बोलणेही साधले नाही तर त्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही.

४

जोसेफच्या जोडीला सॅक्स यांनी शार्लट या सहा वर्षांच्या बधिर मुलीचे चित्र ठेवले आहे. तिचे आईवडील ऐकणारे. निदान होताच त्यांनी संकेतांचा अभ्यास सुरू केला. प्रथम त्यांनी इंग्रजीच्या पदक्रमाला चिकटलेली संकेतपद्धती घेतली, पुढे ती सोडून खऱ्या संकेतभाषेकडे वळले. मुलगी चौकस, गोष्टीवेल्हाळ, प्रश्नांमागून प्रश्न विचारणारी अशी वाढली. या चित्रणात ग्रंथकर्त्याची लेखणी प्रसन्न झाली आहे. परंतु घरात नेमके काय घडले, याचा तपशील अपुरा आहे. आद्य भाषासाहाय्याचा सारा विचार ज्या प्रश्नावर उभा राहतो, तो हाच.

ऐकणाऱ्या बालकाला भाषा आपोआप मिळते असे म्हणतात. त्याचा अर्थ असा की, बालक चेंडूकडे पाहत असताना आई 'चेंडू' म्हणते. डोळे वस्तूवर व कान शब्दावर, अशी कामाची वाटणी झालेली असते. बधिर बालकाच्या बाबतीत दोन्ही कामे डोळ्यांनाच करावी लागतात. ते चेंडूकडे पाहत असेल तर आईचे ओठ वा हात त्याला दिसत नाहीत. आईकडे पाहत असेल तर चेंडू दृष्टीआड होतो. ऐकणारी आई सवयीने बोलत राहते आणि तिचा प्रत्येक शब्द वाया जातो. स्वतः बधिर असलेल्या माता हे निराळ्या रीतीने करतात, असे निरीक्षणांनी दाखविले आहे. त्या बालकाची नजर वर येईपर्यंत थांबतात. हलकेच स्पर्श करून लक्ष वेधतात. वस्तूच्या जवळ किंवा बालकाच्या अंगावरच संकेत करतात. आणि वाक्ये लहान ठेवतात. हे कौशल्य आहे, ते शिकता येते, व ऐकणाऱ्या आईला ते शिकविणे हे प्रारंभिक साहाय्याचे पहिले कलम असावयास हवे. अशा घरांतील बधिर बालके बडबडतातही. फक्त ती हातांनी बडबडतात. लॉरा-ॲन पेटिटो व पॉला मॅरेंटेट यांनी १९९१ साली दाखविल्याप्रमाणे, संकेतभाषा पाहणाऱ्या बधिर अर्भकांच्या हातांत साधारणतः ऐकणाऱ्या मुलांच्या बोबड्या बोलांच्याच वयात नियमित, अवयवबद्ध अशी हालचाल दिसू लागते.

संवादाचा दर्जा हा सॅक्स यांनी मांडलेला दुसरा महत्त्वाचा मुद्दा. हिल्डे श्लेसिंगर यांच्या निरीक्षणांचा आधार घेऊन ते म्हणतात की, ज्या माता स्वतःला असहाय समजतात, त्या मुलाशी आज्ञा, नावे व होय-नाहीच्या प्रश्नांपलीकडे बोलत नाहीत. 'का', 'समजा', 'मग काय झाले असते' यांना तेथे जागा नसते, आणि म्हणून मुलाचे मन वस्तूंच्या नावांपाशी थांबते. हा मुद्दा मार्मिक आहे. बधिर मुलांना बोलावयास शिकविण्याच्या जुन्या पद्धतीत वर्षानुवर्षे 'हा पेला आहे' एवढेच वाक्य घोटून घेतले जाई. त्यात उच्चार सुधारला तरी संवाद जन्माला येत नसे. दुसऱ्याला आपल्याहून वेगळे, प्रसंगी चुकीचेही, वाटू शकते ही समज ऐकणाऱ्या पालकांच्या बधिर मुलांना पुष्कळ उशिरा येते, पण बधिर पालकांच्या संकेतभाषिक मुलांना ती नेहमीच्या वयात येते, असे पुढील काळातील प्रयोगांतून दिसून आले आहे. मनाची ही ओळख वस्तूंची नावे पाठ करून होत नाही. ती गप्पांतून होते.

मात्र येथे ग्रंथकर्त्याच्या हातून एक अन्याय घडतो. संवादाच्या दारिद्र्याचे वर्णन करताना त्याचा भार नकळत मातेच्या स्वभावावर पडतो. बधिर बालकांपैकी दहांत नऊंहून अधिक बालकांचे आईवडील ऐकणारे असतात. पुष्कळांना आपल्या बालकाच्या रूपानेच बधिर व्यक्ती प्रथम भेटते. 'मायबोली' या मराठी शब्दात आई बोलते व मूल ऐकते हे गृहीतच आहे. या घरात ते गृहीत मोडते, आणि जी भाषा मुलाला सहज घेता येईल ती आईलाच आधी शिकावी लागते. जगातील अन्य कोणत्याही आईवर हा प्रसंग येत नाही. तिला शिकविणारे कोणी नसेल, तर तिची असहायता हा तिचा स्वभाव नव्हे, व्यवस्थेची त्रुटी होय. शार्लटचे आईवडील सुशिक्षित होते व त्यांना मार्गदर्शन मिळाले, ही गोष्ट ग्रंथात पार्श्वभूमीला राहिली आहे. ती अग्रभागी यावयास हवी होती.

५

ग्रंथाची खरी मर्यादा मात्र कालाची आहे. १९८९ नंतर दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे नवजात बालकांची श्रवणचाचणी. कानात ध्वनी सोडून अंतःकर्णातून परत येणारा सूक्ष्म प्रतिसाद टिपणारे यंत्र बालक झोपलेले असतानाच काही मिनिटांत संशय व्यक्त करू शकते. एका महिन्याच्या आत चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व सहाव्या महिन्यापर्यंत साहाय्याचा आरंभ, हा दंडक अमेरिकेत मान्य झाला. क्रिस्टीन योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांच्या १९९८ मधील अभ्यासात सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या ७२ व त्यानंतर निदान झालेल्या ७८ बालकांची तुलना आहे. आधी निदान झालेल्यांची भाषा स्पष्टपणे सरस ठरली. आणि हा फरक संवादाची पद्धती बोली असो वा संकेतांची, दोहोंत आढळला. जोसेफची शोकांतिका आता यंत्राच्या साहाय्याने टळू शकते, असे म्हणता येईल. पण निदानानंतर काय, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे कर्णशंखातील आरोपण, अर्थात कॉक्लिअर इम्प्लांट. अमेरिकेत १९९० पासून दोन वर्षांवरील बालकांसाठी त्याला मान्यता मिळाली व पुढे वयोमर्यादा खाली आली. असंख्य बालके यामुळे ऐकून बोलावयास शिकली, हे नाकारणे म्हणजे डोळ्यांवर कातडे ओढणे होय. आणि सॅक्स यांच्या ग्रंथात त्याला अनुरूप असा विचार नाही. तथापि आरोपण म्हणजे कान नव्हे. शस्त्रक्रियेपूर्वीचे महिने, नंतरचे दीर्घ प्रशिक्षण, यंत्राचा बिघाड व त्याच्या दुरुस्तीचा खर्च, आणि बालकागणिक फार मोठ्या प्रमाणात बदलणारे फळ, ही सारी अनिश्चितता पहिल्या वर्षांतच पडते. भाषेला मात्र थांबण्यास सवड नसते.

संकेतांमुळे आरोपणाचे फळ कमी होते का, यावर मतभेद आहेत. ॲन गीअर्स व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात, घरी संकेतांचा वापर न झालेल्या मुलांची बोली भाषा अधिक सरस आढळली. हा पुरावा गंभीरपणे घ्यावयास हवा. परंतु त्यातील संकेत वापरणारी कुटुंबे बहुतांशी नव्याने शिकणारी होती. मुलांना परिपूर्ण संकेतभाषा मिळत होती असे त्यावरून म्हणता येत नाही, आणि ज्यांची बोली मागे पडत होती त्यांच्याच घरी संकेत टिकून राहिले असण्याचाही संभव आहे. उलट, बधिर व संकेतभाषिक आईवडिलांच्या आरोपण झालेल्या मुलांचा अभ्यास कॅथरिन डेव्हिडसन व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये केला. त्या मुलांची इंग्रजी ऐकणाऱ्या द्वैभाषिक मुलांच्या तोडीची होती. मात्र मुले पाचच होती. दोन्ही बाजूंचा पुरावा प्रामाणिकपणे मांडला, तर एवढेच म्हणता येते की, उत्तम संकेतभाषा बोली भाषेला मारक असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि केवळ बोली भाषेवर भिस्त ठेवणाऱ्या मार्गात काही मुले दोन्ही भाषांना मुकतात. या दोन जोखमी सारख्या नाहीत. पहिलीत बोलणे कदाचित थोडे मागे पडेल. दुसरीत मूल भाषेवाचून राहील. विवेकाने कोणती पत्करावी, हे उघड आहे.

इतिहासानेही हाच धडा दिला आहे. १८८० च्या मिलान परिषदेने बधिरांच्या शाळांतून संकेतांना हद्दपार करण्याचा पुरस्कार केला. मत देणाऱ्यांत बधिर शिक्षक जवळजवळ नव्हते. त्या ठरावांबद्दल २०१० साली व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने खेद व्यक्त केला. मधल्या एकशे तीस वर्षांतील मुलांना त्या खेदाचा उपयोग नव्हता. सॅक्स यांनी मिलानवर टीका केली आहे ती योग्यच. परंतु त्यांचा कल मिलानला केवळ ऐकणाऱ्यांचा अहंकार समजण्याकडे आहे. आपल्या मुलाने चारचौघांसारखे बोलावे, ही आईबापांची आर्त इच्छा त्या ठरावांच्या मागे उभी होती आणि ती अद्याप ओसरलेली नाही. तिची थट्टा करणाऱ्याला आईबाप जवळ करणार नाहीत. तिचा मान राखून, बोलण्याआधी भाषा हवी, हे पटवून देणाऱ्यालाच ते जवळ करतील.

६

भारतीय वाचकाने हा ग्रंथ वाचताना एक अंतर ध्यानात ठेवणे जरूर आहे. सॅक्स यांच्यापुढे निवासी शाळांची दीर्घ परंपरा, १८६४ पासूनचे विद्यापीठ व संघटित बधिर समाज होता. मुंबईत बधिरांची शाळा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच निघाली. मुंबईलाच १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तरीही शाळांवर दीर्घकाळ वाचिक पद्धतीचा पगडा राहिला, आणि संकेतभाषा वर्गाबाहेर, मुलांच्या आपसांतील व्यवहारात वाढली. दिल्लीतील भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ मध्ये उभे राहिले. २०१८ मध्ये त्याचा तीन हजार शब्दांचा कोश निघाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिरांचे शिक्षण त्यांना सर्वाधिक अनुरूप अशा भाषेतून व्हावे असे सांगितले, तर २०२० च्या शैक्षणिक धोरणाने संकेतभाषेच्या देशव्यापी प्रमाणीकरणाचा संकल्प केला. बालकांच्या तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून आहे व त्यात जन्मजात बधिरत्वाचा अंतर्भाव आहे.

यांतील प्रत्येक पाऊल स्वागतार्ह होय. परंतु कोश, कायदा व धोरण ही सारी शाळेच्या वयाकडे पाहतात. मूल शाळेत येईपर्यंत भाषेची मोलाची वर्षे सरलेली असतात. तपासणी आणि शाळा यांच्या मधल्या या काळात गावातील ऐकणाऱ्या आईला संकेत कोण शिकविणार, या प्रश्नाचे उत्तर कोशात नाही. ते उत्तर प्रौढ बधिर व्यक्तींत आहे. त्यांना भाषा येते, बधिर बालपण माहीत असते, आणि मुलाला मोठेपणीचे आपले रूप त्यांच्यात दिसते. त्यांना प्रशिक्षण व वेतन देऊन घरोघरी पाठविणे, हा उपाय यंत्रांहून स्वस्त व भारतात अधिक शक्य आहे. सॅक्स यांच्या ग्रंथाचा तिसरा भाग, म्हणजे बधिरांनी स्वतःच्या विद्यापीठात स्वतःचा अध्यक्ष मागितल्याचा वृत्तांत, येथे अनपेक्षितपणे पहिल्या भागाला येऊन मिळतो. बधिरांना कारभारात स्थान हवे ही केवळ हक्काची गोष्ट नाही. त्यांच्यावाचून बधिर बालकाला वेळेवर भाषा मिळण्याचा मार्गच अपुरा राहतो. दोन भागांतील हा दुवा स्वतः ग्रंथकर्त्याने स्पष्ट केलेला नाही.

एकंदरीत, 'सीइंग व्हॉइसेस' हा सिद्धांतग्रंथ म्हणून अपुरा, पुराव्याच्या दृष्टीने असमान आणि वैद्यकीय माहितीत आता जुना झालेला असा ग्रंथ आहे. परंतु त्याने जो प्रश्न विचारला तो जुना झालेला नाही. बधिर बालकासाठी योजलेल्या कोणत्याही उपायाची कसोटी, ते किती शब्द उच्चारते ही नसून, आज, या वयात, कोणाशी तरी ते मनापासून गप्पा मारू शकते की नाही, ही होय. श्रवणयंत्र, आरोपण, वाचाशिक्षण व संकेतभाषा या साऱ्यांनी याच कसोटीला उतरावयाचे आहे. जेथे या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे येते, तेथे आणखी वाट पाहणे हा निर्णय नव्हे. तो बालकाच्या वतीने सोसलेला, आणि पुढे कधीही भरून न निघणारा तोटा होय.